टायरचे दात

सुखदेवकाकांची आठवण आली की मला आधी राग येतो. माया वगैरे सगळं नंतर. "टायर बदला" हे दोन शब्द एका माणसाच्या गळी उतरवण्यात किती वर्षं घालवायची याला काही मर्यादा असते. मी घालवली. डोणगावात असताना रोज सकाळी मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसत होते आणि रोज खाली उतरताना तेच दोन शब्द म्हणत होते. काका "हाव" म्हणत आणि वावराकडे निघून जात. "नाही" म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी नर्स. माझं उपकेंद्र आडरस्त्यावरच्या एका गावात होतं आणि खोली डोणगावात, काकांच्या घराला लागून. एसटी यायची ती दुपारच्या तोंडाला, तोवर लसीकरणाला आलेल्या बाया पोरं घेऊन कंटाळून घरी गेलेल्या असायच्या. काकांचं वावर उपकेंद्राच्या थोडंसं पुढं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फाट्यावर लसीचा निळा डबा घेऊन उभं पाहिलं, गाडी थांबवली आणि म्हणाले, "बसा सिस्टरबाई. मागची जागा रिकामीच जाऊन राह्यली." तेव्हापासून ती जागा माझी झाली.

गाडी शंभर सीसीची, कधीकाळी काळी असावी. मागचं मडगार्ड तारेनं बांधलेलं. पण काका ती चालवत ते बैलगाडीसारखी. चढ आला की डाव्या हातानं टाकीवर थापटत. हॉर्न चालू होता, पण वाजवत नसत. "एकदम आवाज देल्ला का माणूस बिचकते," असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी तोंडानंच "बाजू, बाजू" करत जात. आणि ब्रेक दाबायच्या आधी न चुकता "होऽऽ" म्हणत. पहिले काही दिवस मला वाटलं, हे मला सांगतात. मग कळलं की गाडीला सांगतात. गाडी अर्थातच ब्रेक दाबल्याशिवाय थांबत नव्हती, पण काकांची समजूत वेगळी होती.

एकेकाळी पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की लोक सुखदेवकाकांना बाजारात सोबत नेत. ते बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचे, दातांवर नजर टाकायचे, आणि वय सांगून मोकळे व्हायचे. दोन दात, चार दात, सहा दात. विकणारा काहीही सांगो, काकांनी मान हलवली की सौदा मोडला. पुढे गावात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. काकांचीही जोडी गेली. बाजारात कुणी बोलवेना. पण दात पाहायची सवय कुठे जाणार? ती टायरवर आली.

कुणीतरी त्यांच्या गाडीला जाड नक्षीचे, गोट्यागोट्यांचे टायर बसवून दिले होते. रोजचं जाणंयेणं जेमतेम, त्यामुळे ते गोटे काही झिजत नव्हते. रबर मात्र म्हातारं झालं होतं. एकदा उपकेंद्रासमोर उतरल्यावर माझी नजर पुढच्या टायरच्या कडेला गेली. सगळीकडे बारीक बारीक भेगा. मी वाकून नख घातलं तर ते आत गेलं.

"काका, हे पाहा. नख चाल्लं याच्यात."

"उन्हाची चीर आहे ते."

"उन्हाची का कशाची, टायर बदलून घ्या."

काकांनी गाडी स्टँडला लावली, चप्पल काढली आणि टाच माझ्यासमोर धरली. "हे पाह्यलं का? याच्यातबी नख जाते. मंग पाय बदलू का?"

मी तिथल्या तिथे मलम आणून त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी ते मलम त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकल्याचं कळलं. टायरबद्दल पुन्हा विषय काढला तर गोट्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "दात पाहा सिस्टरबाई, दात. एकबी हाललेला नाई. तरणाताठा आहे अजून."

मी त्यांना समजावलं की बैलाचं वय दातावरून कळतं, टायरचं कळत नाही. गोटे शाबूत असले तरी रबर आतून कुजतं. चांगलं पाच मिनिटं बोलले. काकांनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली, म्हणाले "हाव", आणि गेले.

त्या पावसाळ्यात आम्ही पडलो. ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती रस्त्यावर आणून टाकलेली, वर रिपरिप. पुलाच्या अलीकडे काका "होऽऽ" म्हणाले, ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी आडवी सरकत गेली. वेग बेताचा होता म्हणून वाचलो. मी लसीचा डबा छातीशी धरून चिखलात बसले होते. काका लंगडत आले ते आधी डब्याकडे.

"झाकण उघडलं का?"

"नाही."

"मंग काई नाई झालं."

"काही नाही कसं? टायरनं पाडलं आपल्याला!"

"टायरनं काऊन? चिखलानं पाडलं."

त्या दिवशी मी नखशिखांत चिखलानं माखून बाळांना टोचत होते आणि बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं तर विचारलं, "सिस्टर, कपाशी निंदाले गेल्ता का?" मी रडकुंडीला आले होते. माझी सगळी नोकरी लोकांना "आजार व्हायच्या आधी या" हे सांगण्यात गेली. सुई टोचून घ्यायला माणसं तयार होतात, गोळ्या गिळतात, आणि हा एक माणूस साधा टायर बदलत नाही. मला माझ्यापेक्षा मावशीची काळजी होती. मावशी म्हणजे काकांची बायको, शांताबाई. मी निदान उपकेंद्रापर्यंतच बसायची. संध्याकाळी वावरातून येताना मागे मावशी असायच्या, मांडीवर गवताचा नाहीतर शेंगांचा भारा, एका हातानं तो धरलेला आणि दुसऱ्या हातानं काही नाही. "काकांचा खांदा धरत जा," असं मी सांगितलं तर त्या लाजल्या. म्हणाल्या, "लोक काय म्हंतीन?"

मग मी ठरवलं की स्वतः पाठी लागायचं. अडचण काही खिशाची नव्हती. मुलगा वाशिमला नोकरीला होता, तोही फोनवर हेच सांगून थकला होता. एका रविवारी काका टायर आणायला म्हणून मेहकरला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा हँडलच्या दोन्ही बाजूंना लाल-हिरवे गोंडे लटकत होते.

"टायर?"

"दुकान बंद होतं." मग गोंड्यांकडे कौतुकानं पाहत म्हणाले, "हे चांगले दिसून राह्यले, नाई?"

पुढच्या रविवारी कुणाची तरी तेरवी निघाली. त्याच्या पुढच्या वेळी दुकान उघडं होतं, पण मागच्याच मापाचा टायर होता, पुढचा यायचा होता. "येकच बदलू काय? जोडी कशी लागन मंग?" काकांनी मला उलट विचारलं.

शेवटी मी सुट्टी टाकली, मेहकरच्या टायरवाल्या रऊफभाईंना फोन करून दोन्ही मापं आल्याची खात्री करून घेतली आणि काकांच्या मागे बसून मेहकरला गेले. रऊफभाईंचं टायरचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. त्यांनी चाक काढलं, जमिनीवर आडवं टाकलं आणि लोखंडी पट्टी रिमच्या कडेत घातली. काका बाजूला उकिडवे बसले होते. पट्टी दाबली गेली तसं त्यांनी डोळे बारीक केले. "हळू रे बाप्पा, हळू."

"चच्चा, टायर है, दाढ नही निकाल रहा," रऊफभाई हसले.

जुना टायर सुटून आला. रऊफभाईंनी तो दोन्ही हातांनी वाकवला तर भेगा उघडून आतले धागे दिसले. मला वाटलं, आता संपलं. आता पुराव्यानिशी संपलं. मग त्यांनी नवा टायर आणला. काकांनी तो मांडीवर घेतला, हुंगला, अंगठ्यानं दाबला. मग नव्यावर बोट ठेवलं, जुन्यावर ठेवलं, पुन्हा नव्यावर ठेवलं.

"याचे दात लहान आहेत."

"रोडका टायर है चच्चा. इसमें नक्षी इतनीच आती," रऊफभाई म्हणाले.

"म्हंजे मी मोठ्या दाताचा द्यावा अन् बारक्या दाताचा घ्यावा? आंधया समजता का मले?"

मी बोलले, रऊफभाई बोलले, चहा प्यायला आलेला एक रिक्षावाला बोलला. काका ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी उठून उभे राहिले. "लाव भाऊ त्योच परत." बाजारात तशी मान हलली की सौदा मोडायचा म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. येताना मी त्यांच्या गाडीवर बसले नाही. रागानं एसटीनं आले. एसटी उशिरा आली, गर्दी होती, मला उभं राहावं लागलं, आणि खिडकीतून दिसत होतं, काका शेजारून "बाजू, बाजू" करत जाऊन राहिले होते.

आणि टायर इतके लवकर का कुजले, तेही मला त्याच वर्षी कळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा कठीण झालेला असतो. त्या संध्याकाळी त्याला तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी रोहिणखेडकडची, आमच्याकडेही हे पाहतच मोठी झाले. त्यामुळे काका गोठ्यात वाटी घेऊन बसलेले दिसले तेव्हा मला विशेष वाटलं नाही. मग आठवलं की काकांच्या गोठ्यात बैल नाहीत.

गाडी होती. धुतलेली, गोंडे बांधलेली. आणि काका दोन्ही टायरना जवसाचं तेल चोळत होते. कडेनं, गोट्यांवरून, गोट्यांच्या मधून, अगदी बोट घालून. टायर काळेभोर चमकत होते.

"काका, तेल? रबराले तेल? दरवर्षी लावता?"

"हाव. काऊन?"

मी ओरडलेच. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, घसरतं. रऊफभाई म्हणालेच होते, याला कुणीतरी काहीतरी लावतंय. "तुम्हीच खराब केले हे टायर! लाड करून करून खराब केले!"

काकांचा हात थांबला. मावशी आतून दारात आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बैल गेल्यावरच्या पोयाले दिसभर गोठ्यात बसले होते हे. कोनाशी बोलले नाई. मंग मीच म्हनलं, गाडी तं आहे ना आपली, तिलेच आवतन द्या."

माझा राग गेला नव्हता, पण त्याला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी गावातले मोजके उरलेले बैल तोरणाखाली उभे राहिले तेव्हा काकांनी ओळीच्या शेवटी आपली गाडी नेऊन लावली. लोक हसले. एकानं विचारलं, "सुखदेवभाऊ, लाथ तं नाई मारत ना?" काका म्हणाले, "अनोळखी मानसाले मारते." आणि तोरण तुटेपर्यंत हात हँडलवर ठेवून उभे राहिले. तेवढं एक तेल मात्र त्यांनी माझ्या ओरडण्यामुळे पुढच्या वर्षीपासून बंद केलं. टायर तेच ठेवले.

आणि मग ते झालं, जे होणार म्हणून मी इतके दिवस घसा कोरडा केला होता. हरभरा काढणीचे दिवस, ऊन तापायला लागलेलं. मी उपकेंद्रात होते. एक जण सायकल टाकून धावत आला, "सिस्टर, सुखदेवभाऊ पडले." मी पेटी घेऊन पळाले.

गाडी रस्त्याच्या कडेला आडवी होती. पुढच्या टायरच्या भेगेतून ट्यूब फुगून बाहेर आली होती आणि फाटली होती. काकांना नुसतं खरचटलं होतं. मावशी मात्र उडून खडीच्या ढिगावर पडल्या होत्या. उजव्या खांद्याचं हाड मोडलं आहे हे मला लांबूनच कळलं, हात ज्या तऱ्हेनं लोंबत होता त्यावरून. काका त्यांना धरून बसले होते आणि अगदी हळू आवाजात म्हणत होते, "होऽ… होऽ…"

"मले काय बैल समजता का?" मावशी दुखण्यात कळवळत म्हणाल्या.

मी हात बांधला, जीपसाठी फोन केला. मावशींना जीपमध्ये चढवलं तोवर काका उठून गाडीजवळ गेले होते. वाकून टायरच्या गोट्यांवरून बोट फिरवत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "दात तं साबूत आहेत, सिस्टरबाई."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की रडायलाच आलं.

मावशी दवाखान्यातून घरी आल्या त्याच दिवशी काका एकटेच मेहकरला गेले आणि दोन्ही टायर बदलून आणले. बारक्या दातांचे. रऊफभाईंनी मला नंतर सांगितलं, "चच्चा कुछ नही बोले. दात भी नही देखे." मला वाटलं, चला, उशिरा का होईना. पण कसलं काय. मावशी म्हणाल्या, मी आता त्या गाडीवर बसत नाही. आणि काका म्हणाले, ही बसत नाही तर मीबी बसत नाही. म्हणजे टायर जुने होते तोवर हा माणूस रोज गाडी चालवत होता, आणि टायर नवे झाल्यावर चालवायची सोडली. सकाळी मावशी पुढे चालायच्या, हात गळ्यात अडकवलेला, आणि मागून काका गाडी हातानं ढकलत न्यायचे. गाडीवर पाण्याचा कॅन आणि भाकरीचं गाठोडं. मी एसटीची वाट पाहत फाट्यावर उभी राहायची आणि ही वरात माझ्यासमोरून जायची. कपाळावर हात मारण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

हाड जुळलं, पण खांदा आखडला. मी मावशींना व्यायाम दाखवले, रोज शेक घ्यायला सांगितलं. त्या "हाव" म्हणायच्या. अगदी काकांसारखं. पुन्हा विचारलं तर म्हणायच्या, "मले कोन शेकून देते, बाई?" काका तिथेच बसलेले असायचे, जमिनीकडे पाहत. अपघातानंतर त्यांनी मावशींच्या त्या खांद्याकडे नीट पाहिलेलंही मला कधी दिसलं नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझी बदली झाली. सामान आधीच रवाना केलं होतं. मी निघाले तो नेमका पोळ्याच्या आदला दिवस. दिवेलागणीला खोलीची किल्ली द्यायला म्हणून काकांच्या अंगणात गेले. गोठ्यात निखारे फुललेले दिसले, शेजारी तूप-हळदीची वाटी आणि पळसाच्या पानांचा जुडगा. काकांची पाठ माझ्याकडे होती. माझं डोकंच फिरलं. नवे टायर!

"काका! त्या टायरले काही लावू नका!"

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मी दोन पावलं पुढे गेले. गाडी गोठ्याच्या पार त्या कोपऱ्यात उभी होती, गोंडे काढलेली. काकांच्या पुढ्यात खुंट्याजवळ पाट टाकला होता आणि पाटावर मावशी बसल्या होत्या, पदर बाजूला सारून. काकांनी खांद्याला तूप-हळद चोळली. मग पळसाचं पान निखाऱ्यावर धरलं, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं, आणि त्या मोडून जुळलेल्या खांद्यावर हलकेच दाबलं.

"लय झालं आता. कोनी पाह्यलं तं काय म्हंतीन?" मावशी म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

काकांनी दुसरं पान घेतलं. "आज आवतन घ्या," ते म्हणाले. पान निखाऱ्यावरून फिरवलं. "उद्या जेवाले या."

"जेवाले या म्हनता, अन् सैपाक कोन करीन?"

मी किल्ली ओट्यावर ठेवली आणि आवाज न करता मागे फिरले.

"मी करतो," काका म्हणाले.